साठीनंतरचा व्यायाम, आरसा आणि वयाची धास्ती: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, काम नागपुरातच. गुडघा, कंबर, खांदा अशी काहीतरी तक्रार घेऊन माणूस येतो आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत खरं बोलतो. पोट सुटलं, दंडाची कातडी लोंबते, लग्नाच्या अल्बममध्ये स्वतःला बघवत नाही, पुढे काय होणार या विचाराने पहाटे तीनला जाग येते. गुडघ्याचा आणि मनाचा प्रश्न एकाच माणसाचे असतात, म्हणून इथेही ते वेगळे केलेले नाहीत. ज्यांना हृदयविकार, पक्षाघात किंवा अलीकडची शस्त्रक्रिया आहे त्यांनी सुरुवात आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावी.

नातवंडं झाली, आता शरीर कसं दिसतं याची चिंता करणं शोभतं का?

हा प्रश्न बायका दबक्या आवाजात विचारतात आणि पुरुष विचारतच नाहीत, पण चिंता दोघांनाही असते. शरीराबद्दलची नाराजी वयानुसार आपोआप विरून जाते हा समज खरा नाही. ऑस्ट्रेलियातल्या मानसशास्त्रज्ञ मारिका टिगमन यांनी या विषयावर खूप काम केलं आहे. त्यांच्या मांडणीनुसार बायकांमधली नाराजी तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत बऱ्यापैकी तेवढीच राहते, मात्र दिसण्याला आयुष्यात दिलेलं वजन हळूहळू कमी होतं. त्यामुळे पासष्टीला आरशासमोर वाईट वाटलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता ही चिंता नेमकी कशाची आहे ते बघू. 1993 मध्ये लॅशर आणि फॉकेन्डर या संशोधकांनी वयाची धास्ती मोजणारी एक प्रश्नावली तयार केली. त्यात त्यांना चार धागे सापडले: म्हाताऱ्या माणसांबद्दल वाटणारी भीती, मनाचं समाधान हरवण्याची काळजी, रूप बदलण्याची काळजी, आणि माणसं, आधार, आरोग्य गमावण्याची भीती. माझ्या अनुभवात सुरकुत्यांवर बोलणं सोपं असतं, म्हणून माणूस तिथून सुरू करतो. थोडं ऐकून घेतलं की मागचं वाक्य येतं: "पोरगा बंगलोरला, पोरगी अमेरिकेत. मी अंथरुणाला खिळलो तं कोण पाहीन?" तुमची चिंता या चारपैकी कुठली आहे हे एकदा स्वतःला विचारून बघा. केस पिकल्याची काळजी असेल तर उपाय वेगळा आणि परावलंबी होण्याची असेल तर वेगळा. दुसऱ्या काळजीवर व्यायामाइतकं भरवशाचं माझ्याकडे दुसरं काही नाही.

फोटो काढायला नको वाटतं. व्यायामाने हे जाईल का?

जाऊ शकतं, पण व्यायाम कशासाठी करता त्यावर ते अवलंबून आहे. बारीक दिसायचं, तरुण दिसायचं एवढ्याच हेतूने व्यायाम करणाऱ्यांना आपल्या शरीराबद्दल फार बरं वाटत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तब्येत, आनंद, ताकद यासाठी करणाऱ्यांना जास्त बरं वाटतं. कारण उघड आहे. साठीनंतर रूप तिशीतलं होणार नाही. मग रोज घाम गाळून रोज आरशात तेच दिसतं, माणूस खचतो आणि दोन महिन्यांत चपला कोपऱ्यात जातात. ताकदीचं तसं नसतं. ती कुठल्याही वयात वाढते आणि वाढलेली कळते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना पहिले तीन महिने वजनकाटा कपाटात ठेवायला सांगते. त्याऐवजी एक मोजमाप देते. हात नसलेली, साधारण सतरा इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. त्यावर बसा, दोन्ही हात छातीवर आडवे धरा आणि तीस सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजा. शेजारी कुणीतरी असू द्या. 60 ते 64 वयात पुरुषांना 14 आणि बायकांना 12 पेक्षा कमी जमलं, 65 ते 69 मध्ये 12 आणि 11 पेक्षा कमी, 70 ते 74 मध्ये 12 आणि 10 पेक्षा कमी, तर पायातली ताकद वयाच्या मानाने कमी आहे आणि पडण्याचा धोका जास्त आहे असं समजतात. आकडा कॅलेंडरवर लिहा आणि महिन्याने पुन्हा मोजा. आठवर आलेल्या काकू बारावर जातात तेव्हा त्यांची उभं राहण्याची ढब बदललेली असते. त्या महिन्यात आरशाचं काय झालं हे त्यांना विचारावंही लागत नाही.

पोट काहून सुटते? तरुणपणी तर मी काडी होतो.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाट्यावर आकडा तोच राहतो, पण आत स्नायूंची जागा चरबी घेते. बायकांमध्ये पाळी थांबल्यावर चरबीची जागाही बदलते. जी आधी मांड्यांवर आणि नितंबांवर साठायची ती पोटावर येते. यात तुमचा आळस किंवा खादाडपणा शोधत बसू नका.

आपल्या लोकांचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं की भारतीय माणूस हातापायांनी बारीक दिसला तरी त्याच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं. "मी तर काडी होतो" यात समाधान मानण्यासारखं काही नव्हतं, आणि आज पोट आहे म्हणून सगळं संपलं असंही नाही. आपल्याकडे कंबरेचा घेर पुरुषांमध्ये 90 सेंटिमीटर आणि बायकांमध्ये 80 सेंटिमीटरच्या वर गेला की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला मानतात. टेप लावायचाच असेल तर तीन महिन्यांतून एकदा लावा.

दंडाची लोंबणारी कातडी व्यायामाने ताणली जात नाही, हे स्पष्टच सांगते. आतला स्नायू भरला की थोडा फरक दिसतो, पण कातडीचं वय राहतं. त्या हाताने पाण्याची भरलेली बादली उचलता येते का, याची चौकशी मी जास्त करीन.

किती व्यायाम पुरेसा? मी रोज फुटाळ्यावर फिरतो, तेवढं चालतं ना?

फिरणं उत्तमच आहे, पण ते एकटं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये 65 वर्षांवरच्यांसाठी दिलेल्या सूचना अशा आहेत: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम वेगाची हालचाल, निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, आणि निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. मध्यम वेग म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. फुटाळा, अंबाझरी, सेमिनरी हिल्स, महाराजबाग, कुठेही सकाळी जा, पहिली अट पूर्ण करणारे शेकडो दिसतील. दुसरी आणि तिसरी पूर्ण करणारे मोजके. म्हणूनच वर्षानुवर्षं न चुकता फिरणारा माणूसही एक दिवस न्हाणीघरात घसरतो आणि घरचे म्हणतात, "हे तर रोज फिरायचे!"

एवढं जमत नसेल तर जेवढं जमतं तेवढं करा. दहा मिनिटांपासून सुरू केलेलंही मोजलं जातं.

वजनं उचलायची? या वयात?

हो, याच वयात. 1990 मध्ये मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम दिले. सगळ्यात मोठ्या व्यक्तीचं वय 96 होतं. पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. तोपर्यंत अनेक डॉक्टरांनाही वाटायचं की म्हाताऱ्या स्नायूला वाढायला सांगणं व्यर्थ आहे. पस्तीस वर्षं झाली या अभ्यासाला, आणि आजही मला घरोघरी हेच वाक्य ऐकावं लागतं: "आई, तू काही उचलू नको, आम्ही आहोत ना." प्रेमाने म्हणतात. पण घरात काहीच न उचलणाऱ्या बाईचे हात दोन वर्षांत कुकरचं झाकण लावायलाही कमी पडू लागतात.

सुरुवात घरच्या वस्तूंनी करा. खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठा-बसा. ओट्याला धरून टाचा वर-खाली. भिंतीला हात टेकून उभ्याने दंड. दोन्ही हातांत अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन कोपरातून वर-खाली. शेवटच्या दोन-तीन वेळा जड जायला हव्यात, नाहीतर वजन वाढवा. श्वास रोखू नका. जोर लावताना मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो आणि रक्तदाब एकदम चढत नाही. एका दिवसाआड करा. दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकले तर घाबरण्याचं कारण नाही, सांध्यात सूज आली किंवा टोचलं तर थांबा. छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, जबडा किंवा डावा हात भरून आला, चक्कर आली, तर व्यायाम तिथेच सोडून लगेच दवाखाना गाठा.

बागांमधल्या ग्रीन जिमची यंत्रं सांधे मोकळे करायला आणि गप्पा मारायला चांगली आहेत. बहुतेकांवर वजन वाढवायची सोय नसते, त्यामुळे ताकदीसाठी त्यांच्यावर विसंबू नका.

साडीवर बूट घालून फिरायला लाज वाटते. लोक बघतात.

आपलं शरीर दुसरे तपासत आहेत या भावनेचा स्वतंत्र अभ्यास झाला आहे. 1989 मध्ये तिच्यासाठी मोजपट्टीही तयार झाली. ही भावना जितकी तीव्र तितकी माणसं व्यायामाच्या ठिकाणांपासून लांब राहतात. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे तेच घरी बसतात.

माझं साधं सांगणं आहे. पहिल्या महिन्यात लोकांशी लढायला जाऊ नका. गच्चीवर करा, गल्लीतल्या दोघी-तिघींना घेऊन करा, पहाटे साडेपाचला करा. पण बूट मात्र पहिल्या दिवसापासून घाला. पातळ तळव्याच्या चपलेने टाच दुखते आणि पाय मुरगळतो. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात आणि माप बरोबर येतं. साडी घोट्याच्या वर खोचा, किंवा सरळ सलवार-कुर्ता घाला. महाल-इतवारीच्या जुन्या वाड्यांमधल्या सासवांनी सत्तरीत पहिल्यांदा सलवार घातल्याचं मी पाहिलं आहे. आठवडाभर चर्चा झाली, मग शेजारणी सोबत यायला लागल्या.

मोठ्या आरशांच्या जिममध्ये तरुणांच्या मधोमध अवघडल्यासारखं होत असेल तर दुपारी अकरा ते चार ही वेळ मागून घ्या. गर्दी नसते आणि शिकवणाऱ्याला तुमच्याकडे लक्ष देता येतं. शिकवणारा पहिल्याच दिवशी "काकू, पोट कमी करायचं ना?" म्हणाला तर त्याला सांगा, "जिना चढायचाय."

सांगायला संकोच वाटतो, पण जोरात चाललं की थोडी लघवी होते.

सांगितलंत हे फार बरं केलंत. कितीतरी बायका याच कारणाने फिरणं, योगवर्ग, प्रवास, भिशी सगळं सोडतात आणि घरच्यांना वाटतं आईला आळस आला. बाळंतपणं, पाळी थांबणं, जुना खोकला, बद्धकोष्ठ यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. बहुतेकींना व्यायामाने चांगला फरक पडतो. पोटातला वारा (गॅस) सुटू नये म्हणून जे स्नायू आवळतो तेच आवळा, पाच-सहा सेकंद धरा, तितकाच वेळ सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या ढिल्या ठेवा आणि श्वास चालू ठेवा. फरक दिसायला तीन महिने द्या. पाणी पिणं कमी करू नका, नागपुरात तर अजिबात नको. लघवीत रक्त, जळजळ किंवा अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांनाही हेच व्यायाम देतात.

रिटायर झाल्यावर माणूस एकदम म्हातारा दिसायला लागतो. काहून?

कारण हालचाल एकदम थांबते. सरकारी कार्यालयातला, रेल्वेतला, वेकोलि या कोळसा कंपनीतला माणूस ऑफिसात बसून असायचा हे खरं, पण बसस्टॉपपर्यंत चालणं, जिने, साहेबाच्या केबिनपर्यंतच्या फेऱ्या यातही पाय चालत होते. निवृत्तीनंतर खुर्ची, पेपर, टीव्ही. दोन वर्षांत पँट कंबरेला घट्ट आणि मांड्यांत सैल होते.

पुरुषांच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते. त्यांना दंड बारीक झाल्याचं, खांदे उतरल्याचं, कवळी लागल्याचं दुःख असतं, पण बोलायला जागा नसते. ते चिडचिड करतात, समारंभ टाळतात, "मला काय झालंय" म्हणतात. हुद्दा गेला आणि अंगही गेलं, असा दुहेरी घाव असतो तो. अशांना मी एकट्याने व्यायाम करायला सांगत नाही. गट हवा. सकाळी वेळेवर पोचायचं, कुणी आलं नाही तर फोन करायचा, हजेरी घ्यायची जबाबदारी त्यांच्याकडेच द्यायची. आणि एखादं ध्येय हवं, जे आरशात मोजता येत नाही. रामटेकचा गड पायऱ्यांनी चढायचा. नातवाला सायकल शिकवताना मागे धावायचं. पंगतीत खाली बसून जेवायचं आणि कुणाचा हात न धरता उठायचं.

मे महिन्यात व्यायाम करायचा कसा?

नागपूरच्या उन्हाळ्याला बाहेरगावचे सल्ले लागू पडत नाहीत. पारा 45 च्या पुढे जातो आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. वयानुसार तहान कमी जाणवते आणि घाम येण्याची क्षमताही घटते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील तर अंगातलं पाणी आणखी लवकर कमी होतं. एप्रिलपासून जूनचा पाऊस येईपर्यंत साडेपाचला निघा, सातच्या आत घरी या. तहान लागायची वाट न बघता पाणी, ताक, पन्हं घेत राहा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचं प्रमाण ठरवून दिलं असेल तर तेच पाळा. ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम घरात कूलरसमोर होतात, त्यामुळे उन्हाळा हा तर स्नायू कमावायचा हंगाम मानायला हवा. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, बोलण्यात गोंधळ दिसला तर सावलीत आडवं करा, ओल्या कापडाने अंग पुसा, वारा घाला. गोंधळ किंवा बेशुद्धी असेल तर वेळ न घालवता रुग्णालयात न्या.

डिसेंबर-जानेवारीत उलट करा. कडाक्याच्या थंडीत पहाटे हृदयावर ताण येतो, म्हणून ऊन वर आल्यावर बाहेर पडा आणि आधी घरातच पाच मिनिटं अंग गरम करा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर कुठल्याही ऋतूत अगदी उपाशी फिरायला जाऊ नका. खिशात साखर किंवा गूळ हवाच.

फक्त योगासनं केली तर?

नागपूरला योगाची चांगली परंपरा आहे. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळामुळे या शहरातल्या कितीतरी कुटुंबांत आसनं, प्राणायाम पिढ्यांपासून चालू आहेत. लवचिकता, श्वास, झोप आणि मनाची शांती यासाठी योग चांगलाच. उभ्याने करायची वृक्षासन, वीरभद्रासन यांसारखी आसनं तोलही सुधारतात. पण हळूहळू वाढणारं वजन स्नायूंना मिळत नाही, म्हणून आठवड्यातून दोन दिवस बाटल्या किंवा रबरी पट्टे जोडीला घ्या. काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन टाळा, डोक्याकडे रक्त येऊन डोळ्यातला दाब वाढतो. हाडं ठिसूळ असतील तर कंबरेतून पुढे खोल वाकणं आणि जोराचे पीळ नकोत.

पाठीला बाक येऊन उंची कमी झाल्यासारखी वाटते का? तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त कमी झाली असेल तर ते वयाच्या खाती टाकून सोडू नका. मणका दबून मोडलेला असू शकतो आणि त्याचं दुखणं दरवेळी जाणवतच असं नाही. तपासणी करून घ्या.

गुडघे झिजलेत. चाललं की आणखी झिजतील ना?

नाही. मांडीचा स्नायू कमकुवत झाला की सगळा भार सांध्यावर येतो आणि दुखणं वाढतं. गुडघ्याच्या संधिवातावर जगभरातल्या मार्गदर्शक सूचनांत व्यायाम पहिल्या उपचारांमध्ये आहे. खुर्चीत बसून पाय सरळ करा, दहापर्यंत मोजा, खाली आणा. व्यायामाच्या वेळी थोडं दुखणं चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखत असेल तर प्रमाण कमी करा.

शंभरीत धावणाऱ्यांचे व्हिडिओ मुलगा पाठवतो. मला उलट वाईटच वाटतं.

वाटू शकतं, आणि मुलाला तसं सांगा. चंदीगडच्या मान कौर 93 व्या वर्षी धावायला लागल्या आणि 2017 मध्ये ऑकलंडच्या स्पर्धेत 101 व्या वर्षी शंभर मीटर धावल्या. फौजा सिंग यांनी 2011 मध्ये टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली तेव्हा त्यांचं वय शंभर सांगितलं गेलं, जन्मदाखला नसल्याने गिनीजने मात्र नोंद केली नाही. दोघांबद्दल मला अतिशय आदर आहे. म्हातारपणाबद्दलची आपली कल्पना किती आखूड आहे हे त्यांनी दाखवलं. पण ते अपवाद आहेत. ज्यांना दोन हार्टचे झटके आलेत, ज्यांनी आयुष्यभर धान्याची पोती वाहिली, त्यांना "बघा, हे शंभरीत धावतात, तुम्ही का नाही" म्हणणं अन्याय आहे. "यशस्वी म्हातारपण" नावाची नवी परीक्षा आपण वडीलधाऱ्यांवर लादू नये. तुमची तुलना मागच्या महिन्यातल्या तुमच्याशी.

याची दुसरी बाजूही दिसते. काही जण वयाच्या भीतीपोटी अति करतात. ताप असला तरी फिरायचं, दुखलं तरी दोन तास, एक दिवस चुकला की अपराधी वाटून जेवण कमी. यात तब्येत बिघडतेच, म्हणून आठवड्यात एक पूर्ण सुट्टीचा दिवस ठरवून घ्या.

वजन कमी व्हायला लागलंय, मला तर बरंच वाटून राहिलं.

मुद्दाम कमी केलं का? सहा महिने ते वर्षभरात काही न करता वजन पाच टक्क्यांनी उतरलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो, तर डॉक्टरांना दाखवा. मैत्रिणी "किती छान बारीक झालीस" म्हणतात आणि आजार मागे लपून राहतो.

मुद्दाम कमी करत असाल तर उपाशी राहून करू नका. चरबीबरोबर स्नायू जातो आणि वजन परत आलं तर बहुतांश चरबीच परत येते. मूत्रपिंड ठीक असेल तर या वयात किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत. साठ किलोला साठ ते बहात्तर ग्रॅम. आपल्याकडे दोन वेळा वरण असतं आणि माणसाला वाटतं झालं काम. वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅमच्या वर फारसं नसतं. अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात. घट्ट वरण, मोड आलेली मटकी, झुणका, दही, पनीर, सोयाबीन, खात असाल तर अंडी-मासे-चिकन, हे तिन्ही जेवणांत वाटून घ्या. सकाळच्या पोह्यांवर तर्रीबरोबर चणे जास्त आणि पोहे कमी घेतले तरी फरक पडतो.

केस रंगवावेत का?

आवडत असेल तर जरूर. आधी कानामागे थोडा रंग लावून दोन दिवस बघा, ॲलर्जी होऊ शकते. आवडत नसेल तर कुणाच्या म्हणण्यावरून रंगवू नका.

घरचे म्हणतात, "आता कशाला हे सगळं, देवाचं नाव घे."

1969 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट बटलर यांनी वयावरून होणाऱ्या भेदभावाला जातिभेद-वंशभेदासारखं पहिल्यांदा नाव दिलं. आपल्याकडे तो भेदभाव मायेच्या शब्दांत येतो. त्याचा परिणाम मात्र खोल जातो. 2002 मध्ये बेका लेव्ही यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओहायोतल्या एका गावातले पन्नाशीपुढचे 660 लोक होते. स्वतःच्या म्हातारपणाबद्दल ज्यांचं मत चांगलं होतं ते इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. तब्येत आणि पैसा यांचा फरक वजा करूनही अंतर उरलं.

म्हणून मुला-सुनांना माझी विनंती आहे. "आई, तू किती थकलीस" हे दर भेटीत म्हणू नका. तिच्याबरोबर भाजीबाजारात चाला आणि एक पिशवी तिच्या हातात राहू द्या. आजी-आबाजींच्या सुरकुत्यांवर, टकलावर मुलांसमोर थट्टा होत असेल तर ती थांबवा, मुलं तिथेच शिकतात. आणि काकू, देवाचं नाव टाचा वर-खाली करतानाही घेता येतं.

ही चिंता आजार झाली आहे हे कधी ओळखायचं?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, मन लागणं बिघडलेलं असेल. आरशासाठी किंवा कवळीसाठी लग्नकार्य टाळलं जात असेल. दिवसातला बराच वेळ एखाद्या अवयवाचाच विचार असेल. "आता जगून काय" असं बोलणं येत असेल. अशा वेळी फिरायला जा म्हणणं पुरेसं नाही. मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानमधल्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहेत. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा क्रमांक 14416 आहे, तिथे मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन 14567 वर आहे. आत्महत्येचं बोलणं असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. उदासीनतेवर व्यायामाचा उपयोग होतो, औषधं आणि समुपदेशन यांच्या जोडीने आणखी होतो.

आई ब्याऐंशीची. एकदा पडली, तेव्हापासून खोलीबाहेर निघत नाही.

पडण्याच्या भीतीने हालचाल कमी होते, त्याने पाय कमजोर होतात आणि पडण्याची शक्यता वाढते. 2019 मध्ये जगभरच्या चाचण्या एकत्र करून केलेल्या मोठ्या आढाव्यात घरी राहणाऱ्या ज्येष्ठांचं पडणं व्यायामाने साधारण 23 टक्क्यांनी कमी होतं असं दिसलं. सर्वांत जास्त उपयोग तोलाच्या आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामांचा होता.

आईला आधी विचारा, कशाची भीती वाटते. बहुतेकदा उत्तर एका जागेचं असतं: न्हाणीघराचा उंबरा, अंगणातली फरशी, रात्रीचा अंधार. तिथे दांडा बसवा, दिवा लावा, पायाखालची सतरंजी काढा. मग स्वयंपाकाच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून तिला उभं करा, मागे खुर्ची ठेवा, तुम्ही शेजारी. पाय जवळ घेऊन दहा सेकंद. आठवड्याने एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे ठेवून. मग एका हाताने धरून, मग दोन बोटांनी. पुढच्या डॉक्टरांच्या भेटीला तिच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उठताना तोल जातो, त्यांचं प्रमाण किंवा वेळ बदलता येते का ते विचारा. चष्म्याचा नंबरही त्याच आठवड्यात तपासून घ्या.